खिळ्यावरचा पाऊण पाइप

मित्रांनो, बेळगावच्या वडगावात भरमू मेस्त्रींचं गॅरेज आहे. आत शिरलात की डाव्या भिंतीवर एक गंजका खिळा दिसेल. त्या खिळ्यावर जे काळं, सुरकुतलेलं काहीतरी लोंबतंय, तो मी. मी एक जुना ब्रेकचा रबरी पाइप आहे. खरं सांगायचं तर अख्खा नाही, पाऊणच आहे. उरलेला पाव भाग कुठं गेला ते सांगणारच आहे, पण आधी बाकीचं ऐका. माझं कुणी ऐकून घेईल असं बऱ्याच वर्षांत घडलेलं नाही.

माझा जन्म जपानातला, १९७४ सालचा. माझ्यासारखे शेकडो पाइप त्या दिवशी तयार झाले. आम्ही एका टोपलीत एकमेकांना चिकटून पडलो होतो. एवढी सोबत मला पुढं आयुष्यात कधी मिळाली नाही. मला एका लाल मोटारसायकलला बसवलं. हँडलवर तेलाची छोटी डबी, खाली पुढच्या चाकाला लोखंडी तबकडी, तबकडीवर एक चिमटा, आणि डबीपासून चिमट्यापर्यंत मी. स्वारानं मूठ आवळली की तेलाचा दाब माझ्या पोटातून खाली जायचा आणि चिमटा तबकडीला घट्ट धरायचा. गाडी थांबायची. मला तोंडं दोन आहेत, पण एकानंही बोलता येत नाही. या एका गोष्टीचं दुःख मला जन्मभर पुरलं.

गोव्याच्या एका दर्यावर्दी माणसानं ती गाडी जहाजातून आणली आणि चार महिन्यांत तो पुन्हा समुद्रावर गेला. गाडी माडाखाली गोणपाट पांघरून उभी राहिली. कोंबड्या तिच्या सीटवर बसत. अशी पाच वर्षं गेली. मग १९७९ साली सिद्राम आला आणि आम्हाला बेळगावला घेऊन गेला.

सिद्राम उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फिटर होता. तेलाच्या दाबावर चालणारे मोठाले प्रेस तिथं बनत. बिघडलेला प्रेस कान लावून ऐकायचा आणि कुठं गळतंय ते सांगायचं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वडगावात हातमागवाल्यांच्या आळीत त्यानं एक खोली घेतली होती. दिवसभर शेजारच्या मागांची खटखट चाले. ती थांबली की खोलीत फक्त त्याच्या स्टोव्हचा आवाज उरे.

पहिल्या दिवशी भरमू मेस्त्रींनी मला दोन बोटांत धरून विचारलं, “अण्णा, ह्यो पाइप कशाला? तार कुठं गेली?”

“ह्याला तार नसती, मेस्त्री. तेलावर चालतंय.”

“मग तुमच्या कारखान्यातच न्या की ह्याला,” मेस्त्री म्हणाले आणि हसले. पण गाडी त्यांनी मनापासून साफ केली. त्या काळात बेळगावातल्या सगळ्या दुचाकींचे ब्रेक तारेवर चालत. गॅरेजात गाड्या ओळीनं उभ्या असल्या की त्यांच्या तारा एकमेकींसारख्या दिसायच्या आणि माझ्यासारखा मी एकटा असायचो. लोक माझ्याकडं कौतुकानं बघत, बोट लावून बघत, आणि निघून जात. कौतुकानं सोबत होत नाही, मित्रांनो.

आता त्या गाडीचं खरं काम काय होतं ते सांगतो. सिद्रामची आई, सोनुबाई, निपाणीत एकटी राहायची. नवरा लवकर गेला. तंबाखूच्या वखारीत राबून तिनं सिद्रामला आयटीआयपर्यंत शिकवलं. पुढं वखारीतल्या धुळीनं छाती भरायला लागली, तेव्हा ती दारात बसून विड्या वळू लागली. सिद्राम म्हणायचा, बेळगावला चल. ती म्हणायची, माझ्या दारातल्या चार बायकांत मी बरी आहे. शेवटी तोड निघाली, की शनिवार-रविवार तिनं लेकाकडं यावं. पण तिला बस लागायची. निपाणीचा स्टँड सुटला की पोटात ढवळून यायचं. मोटारसायकलवर मात्र वारं लागायचं आणि तिला काही व्हायचं नाही. म्हणून शनिवारी दुपारी आम्ही निपाणीला जायचो. तवंदीचा घाट चढून तिला बेळगावला आणायचो, आणि रविवारी तोच घाट उतरून परत सोडायचो. सोनुबाई मागं एका बाजूला पाय सोडून बसायची आणि रस्ताभर लेकाला गाऱ्हाणी सांगायची. वाऱ्यामुळं सिद्रामला निम्मी ऐकूच येत नसत. तरी तो “व्हय” म्हणायचा. माझ्या आयुष्यातली ती सोन्यासारखी चार वर्षं.

मग एक चूक झाली. ती दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. तेलाच्या दाबातल्या हुशार फिटरकडूनच व्हायची होती.

हँडलवरच्या डबीतलं तेल हळूहळू खाली उतरलं होतं. बाजारात मोटारींच्या ब्रेकचं तेल मिळत होतं, सिद्रामला ते माहीतही होतं. पण कारखान्यात प्रेससाठी मधासारखं स्वच्छ तेल येई. त्या तेलावर पन्नास टनांचा प्रेस उचलला जातो, मग एवढीशी गाडी थांबणार नाही होय, असं त्याच्या मनानं घेतलं. आपल्या कामावरचा अभिमान नडला. त्यानं प्रेसचं तेल डबीत ओतलं.

ते तेल वाईट नव्हतं. माझ्यासाठी ते नव्हतं, एवढंच. माझं आतलं रबर ते शोषून घेऊ लागलं आणि फुगू लागलं. भिंती मऊ झाल्या. मूठ आवळली की दाब खाली जायच्या आधी माझंच पोट थोडं थोडं फुगायचं. मला कळत होतं. सिद्रामला कळत नव्हतं, कारण हे रोज केसाएवढंच वाढत होतं, आणि तोही रोज तेवढीच जास्त मूठ आवळत होता.

एका माणसाला मात्र कळलं. एका रविवारी दारात निघता निघता सोनुबाईनं मला सहज दोन बोटांत धरलं. विड्या वळणाऱ्या बाईची ती बोटं. पानाचा पाला किती भिजला, किती सुकला, हे ती न बघता सांगायची.

“सिद्राम, ही नळी लई भिजल्या पाल्यागत झालीया रं.”

“आई, ती काय विडी हाय व्हय? बस तू.”

ती बसली. तिला लेकाच्या शिक्षणाचा मोठा मान होता, म्हणून पुढं काही बोलली नाही. आणि मी, दोन तोंडांचा मुका, तेल घेऊन गप्प राहिलो.

त्याच संध्याकाळी घाटात उतारावर एक उसाची बैलगाडी आडवी वळत होती. सिद्रामनं मूठ आवळली. सगळा दाब माझ्या पोटात आला आणि माझ्या पोटातच राहिला. मूठ थेट हँडलला टेकली. पुढचं चाक फिरतच राहिलं. त्यानं मागचा ब्रेक दाबला, गिअर पाडले आणि रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात गाडी घातली. सिद्रामचा गुडघा सोलला. सोनुबाई ढिगावर पडली, तिच्या कोपराला खरचटलं. जीव वाचले. बैलगाडीवाला खाली उतरून धावत आला.

सोनुबाईनं लेकाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. मग लुगडं झटकलं आणि त्या उसाच्या गाडीत जाऊन बसली. गाडी उताराला लागून वळणाआड जाईपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही. सिद्राम गाडी धरून उभाच होता. माझ्या टोकातून तेलाचा थेंब थेंब खडीवर पडत होता.

पुढच्या शनिवारी तो बसनं निपाणीला गेला आणि एकटाच परत आला. गाडी तोवर मेस्त्रींच्या गॅरेजातच उभी होती, तिथं येऊन तो बसला.

“आई काय म्हणली?” मेस्त्रींनी विचारलं.

“गाडीवर बसणार न्हाय म्हणली. कवाच न्हाय. का, तेबी सांगत न्हाय.”

मेस्त्रींनी डबीचं झाकण उघडून बोट बुडवलं आणि वास घेतला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. “अण्णा, ह्ये गाडीचं तेल न्हवं. ह्ये तुमच्या प्रेसचं.”

सिद्रामनं मान खाली घातली. मेस्त्रींनी पाना घेऊन मला सोडवलं. नऊ-दहा वर्षांनी मी पहिल्यांदा गाडीपासून वेगळा झालो.

सोमवारी सिद्राम मला कारखान्यात घेऊन गेला. त्याचे फोरमन मारुतीराव यांनी मला टेबलावर सरळ करून माझी लांबी मापली. गरम तेलाच्या यंत्रांसाठी तिथं एक नळी यायची. आतून पांढरी, गुळगुळीत, आणि वरून पोलादी तारेची बारीक वीण. चटई विणावी तशी. तिचा एक उरलेला तुकडा मारुतीरावांनी दिला. माझ्या टोकांना कडीसारखी पितळी तोंडं होती, तशीच तोंडं सिद्रामनं लेथवर स्वतः कातली आणि प्रेसमध्ये दाबून पक्की बसवली.

“आता दोघास्नीबी पंपावर लाव,” मारुतीराव म्हणाले. “बघू तरी.”

त्यांनी आम्हाला शेजारी शेजारी जोडलं आणि पंप मारला. काटा चढू लागला. पोलादी नळी जशी होती तशीच राहिली. माझं पोट सगळ्यांच्या देखत एका बाजूला फुगून आलं. मला लाज वाटली, मित्रांनो. आजही आठवलं की वाटते. सिद्रामनं ते फुगलेलं पोट दोन बोटांत धरलं, अगदी आईनं धरलं होतं तसं.

“आईनं सांगितल्यालं,” तो म्हणाला आणि शेजारच्या लाकडी पेटीवर बसला. 

डबी, चिमटा सगळं उघडून धुतलं. आतले रबरी वायसर मुंबईहून मागवले. बाजारातून ब्रेकचंच तेल आणलं. माझ्या जागी ती चकचकीत पोलादी नळी बसली, आणि हवेचे बुडबुडे निघेपर्यंत मेस्त्री मूठ मारत राहिले. मूठ आता दगडासारखी घट्ट लागत होती. मला साबणाच्या पाण्यानं धुऊन हत्यारांच्या पेटीत टाकलं, वाटेत लागलोच तर असावं म्हणून. त्या अंधाऱ्या पेटीत बसून मी निपाणीला गेलो. आधी ज्या रस्त्यानं पुढं होऊन जायचो, त्याच रस्त्यानं पान्यांच्या ढिगाखाली.

सोनुबाई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिनं गाडीकडं पाहिलं, मग उठून आली आणि नव्या नळीवरून बोटं फिरवली. वरपासून खालपर्यंत. हेडलाइटच्या पट्टीपाशी तिची बोटं थांबली.

“ह्ये बघ. ही कानशीगत घासतीया. रंग निघालाय.”

सिद्राम वाकला. खरंच, बेळगावापासून इथवर येईतो पोलादी विणीनं पट्टीचा रंग खरवडून चकाकी काढली होती. या खेपेला त्यानं आईचं बोलणं उडवून लावलं नाही. “काय करू गं?” त्यानं विचारलं.

“कायतरी मऊ गुंडाळाय पायजे.”

त्यानं पेटी उघडून मला काढलं. सोनुबाईनं पाला कापायची कात्री घेतली आणि माझा पाव भाग कापला. दुखलं का? नाही. कित्येक दिवसांनी मी कुणाच्या तरी कामाला येत होतो. तिनं तो तुकडा उभा चिरला, पोलादी नळीभोवती गुंडाळला आणि विडीच्या दोऱ्यानं दोन्हीकडं आवळून बांधला. विडीचीच गाठ. दिवसाला हजार वेळा मारायची ती.

“आता बसतीस न्हवं?” सिद्राम म्हणाला.

तिनं मान हलवली. “न्हाय बाबा. तू एकटा असलास की थांबती तुझी गाडी. माझ्या वजनानं थांबत न्हाय. त्या दिशी माझ्यामुळं मरत हुतास तू.”

  इतके दिवस ती रागावली आहे असं सिद्राम समजत होता, आणि ती तिकडं स्वतःलाच दोष देत बसली होती. आपलं ओझं झालं म्हणून लेक मरता मरता वाचला, हे उराशी धरून ती एकटी विड्या वळत होती. खरं काय ते मला ठाऊक होतं. सिद्रामला ठाऊक होतं. पण शिकलेल्या लेकानं लाजेपोटी ते आईला सांगितलंच नव्हतं.

तो उंबऱ्यावर तिच्या पायाशी बसला. “आई, तुझ्या वजनाचं काय न्हाय गं. मी चुकीचं तेल घातलं हुतं. प्रेसचं. मला वाटलं मला लई कळतंय. नळी फुगली, तू सांगितलंस, मी ऐकलं न्हाय. चूक माझी हाय. सगळी माझी.”

 सोनुबाईनं पदरानं डोळे पुसले. “हे तवाच का न्हाय सांगितलंस रं?” एवढंच म्हणाली. 

“जा,” ती म्हणाली. “घाट एकदा एकटा उतरून ये. मग बघू.”

तो गेला. माझा पाव भाग त्याच्याबरोबर गेला आणि उरलेला मी सुपात, पाल्याच्या तुकड्यांत पडून राहिलो. सोनुबाईनं एक पान उचललं, तंबाखू भरली, वळायला घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. तेवढ्या वेळात तिच्या हातून एकही विडी झाली नाही. शेजारच्या बाईनं काहीतरी विचारलं, ते तिला ऐकू गेलं नाही. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला तेव्हा तिनं मला हातात घट्ट धरलं आहे, हे तिच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं.

मग ती आत गेली आणि गाठोडं घेऊन बाहेर आली.

त्या दिवशी वडगावात पोचल्यावर सिद्रामनं मला मेस्त्रींकडं दिलं आणि मेस्त्रींनी या खिळ्यावर अडकवलं. दुसऱ्या दिवशी रविवार. आई-लेक पुन्हा घाट उतरणार होते. गॅरेज बंद होतं. माझा पाव भाग त्या उतारावर आणि पाऊण भाग इथं, कुलूपबंद अंधारात. तो दिवस सरता सरेना. सोमवारी सकाळी सिद्राम चाकात हवा भरायला आला.

“आई बसली?” मेस्त्रींनी विचारलं.

“बसली. घाटात डोळंबी मिटलं न्हाईत. गाऱ्हाणी सांगत हुती.”

“ऐकली का?”

“सगळी ऐकली. गाडी सावकाश चालवली.”

पुढच्या वर्षी सोनुबाईची छाती फारच धरू लागली आणि ती कायमची लेकाकडं राहायला आली. माय-लेकांचं एकटेपण संपलं, माझं सुरू झालं. निपाणीच्या फेऱ्या बंद पडल्या. गाडीला दुखणं नाही, त्यामुळं ती गॅरेजात येत नाही. ब्रेक बरा असला की मेस्त्रीची आठवण कुणाला होते? माझ्या अंगावर धूळ साचते. शेजारच्या खिळ्यावर जुन्या तारांची जुडी आहे, पण त्या एकमेकींत गुंतून असतात. सुरुवातीला मी रोज कोपऱ्यावरचा आवाज ऐकत असे आणि आला नाही की खट्टू होत असे. आता मनाला समजावतो. तो आवाज येत नाही, म्हणजे तिकडं माझा पाव भाग आपलं काम करतो आहे.

गेल्या महिन्यात मात्र ते आले. मागच्या चाकाला पंक्चर होतं. सोनुबाई सावकाश खाली उतरली. आता ती काठी घेते. मेस्त्री चाक खोलत होते, तोवर ती एकटीच आत आली, भिंतीकडं बघत खिळ्याशी थांबली. तिनं मला खाली काढलं, पदरानं धूळ पुसली आणि सवयीनं दोन बोटांत दाबून पाहिलं.

“हाईस व्हय रं अजून,” ती म्हणाली. मग मला पुन्हा जागेवर अडकवलं.

मित्रांनो, तुमच्याही गाडीला कुठंतरी असा एखादा पाइप असेल, एखादी तार असेल. ती बोलत नाही. माझ्या तोंडाला सोनुबाईच्या बोटांनी वाचा दिली होती, पण ती कुणी ऐकली नाही. तेव्हा मागं कुणाला बसवायच्या आधी खाली वाका, दोन बोटांत दाबून बघा. आणि आपल्या हातून चूक झाली असेल, तर जी तुमच्या मागं बसते तिला ती त्याच दिवशी सांगा. नाहीतर ती बिचारी सगळी चूक स्वतःच्या वजनावर घेऊन दुसऱ्या गावात एकटी बसून राहील.